भरतीचे घड्याळ आणि विमानांचे वेळापत्रक

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली

विषय: ठाणे खाडीवरील पक्ष्यांचा विमानांना असलेला धोका तासागणिक मोजणारी फझी तज्ज्ञ प्रणाली उभारण्याबाबत

महोदय,



20 मे 2024 हा सोमवार होता. ठाणे, कल्याण, भिवंडी आणि मुंबईत त्या दिवशी लोकसभेचे मतदान होते. रात्री नऊच्या सुमारास दुबईहून आलेले एमिरेट्सचे बोइंग 777 मुंबईच्या धावपट्टीकडे उतरत असताना घाटकोपरवर रोहित पक्ष्यांच्या थव्यात शिरले. विमानाला इजा झाली, तरी वैमानिकांनी ते सुखरूप उतरवले. आत तीनशेहून अधिक माणसे होती. घाटकोपर पूर्वेच्या वस्तीत रोहितांचे तुकडे पडले होते. मृत पक्ष्यांचा आकडा 39 वर गेला. तीनच दिवसांनी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट होऊन माणसे मेली आणि आमच्याकडची सगळी चर्चा साहजिकच तिकडे वळली.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या रात्री त्या तासाला तिथे धोका वाढलेला असेल, हे आधी सांगता आले असते का?

माझे म्हणणे आहे, आले असते. खाडीकाठी राहणाऱ्या कोणालाही भरतीचा जुना हिशोब पाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. त्या वर्षी वैशाख पौर्णिमा 23 मे रोजी होती, म्हणजे 20 तारखेला दुपारपर्यंत द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्ष भरती तास-दीड तास पुढेमागे होते. तरी विमान आले तेव्हा पाणी चढत होते आणि पौर्णिमा जवळ असल्याने चांगले चढत होते, एवढे यातून कळते. ओहोटीला ठाणे खाडीचे चिखलपट्टे उघडे पडतात आणि रोहित तिथे शेवाळ आणि बारीक जीव टिपत असतात. पाणी चढले की पाय टेकायला जागा उरत नाही. मग हजारोंचे थवे एकदम उठतात आणि भांडुप, नेरुळ, सीवूड्सच्या पाणथळांकडे निघतात. त्यात अंधार. त्यात मे महिना, म्हणजे हंगामाची अखेर, पक्षी गुजरातकडे परतण्याच्या तयारीत.

अपघाताचे कारण हेच होते, असा दावा मी करत नाही. तो तपास माझा नाही. पण भरती, अंधार आणि हंगाम या तिन्ही गोष्टी आधी ठाऊक असणाऱ्या आहेत. भरतीचे तक्ते वर्षभर आधी छापून येतात. सूर्यास्ताची वेळ पंचांगात असते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, या खाडीतले रोहित कितीतरी वर्षे मोजते आहे आणि आकडा लाखाच्या पुढे गेलेला आहे. माहिती होती. ती एकत्र करून त्या तासाचा धोका सांगणारी व्यवस्था नव्हती. ती उभारावी, यासाठी हे पत्र.

आपल्याकडे धोका मोजण्याची जी सर्वमान्य रीत आहे, ती आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सुरक्षा पुस्तिकेतून आली आहे. एका बाजूला घटना घडण्याची शक्यता, पाचपासून एकपर्यंत. दुसऱ्या बाजूला परिणामाचे गांभीर्य, ए पासून ई पर्यंत. दोन्हींचा छेद घेतला की पंचवीस चौकटींपैकी एक हाती येते आणि तिचा रंग लाल, पिवळा की हिरवा, यावर निर्णय होतो. शिस्त लावायला ही रीत चांगली आहे, तिला मी नावे ठेवत नाही. पण ‘विमानतळ परिसरात रोहित पक्ष्यांशी धडक’ अशी एक ओळ लिहून तिच्यापुढे एक चौकट भरली, की वर्षातले सगळे तास सारखे होऊन जातात. जुलैतल्या दुपारी खाडीवर रोहित जवळजवळ नसतात. मेमधल्या उधाणाच्या रात्री ते हजारोंनी हवेत असतात. दोन्ही वेळा एकाच चौकटीत बसवल्या, तर त्या चौकटीतून वैमानिकाच्या हाती काय लागणार?

अंतराच्या नियमाचेही असेच होते. 1937 च्या विमान नियमांतला नियम 91 विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत कत्तल आणि कचरा टाकण्यास मनाई करतो. नियम हवाच. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते. धोका मात्र रेघेवर थांबत नाही. साडेनऊ किलोमीटरवरचा कचऱ्याचा ढीग बेकायदा आणि साडेदहावरचा निर्धोक, हे घारीला कोण सांगणार? कल्याणचे आधारवाडी डम्पिंग 2021 मध्ये बंद झाले. ठाण्याचा कचरा कित्येक वर्षे दिव्याला पडत होता. असे ढीग कोणत्याही विमानतळाच्या वर्तुळात बसोत न बसोत, त्यांवर पोसलेल्या घारी दिवसभरात लांबवर फिरतात. कल्याण-डोंबिवलीवरून जाणारी विमाने बहुधा बऱ्याच उंचीवर असतात आणि पक्ष्यांशी धडका मुख्यतः कमी उंचीवर होतात, हे मला मान्य आहे. पण कल्याणची घार कल्याणातच राहत नाही.

अशा काठ नसलेल्या गोष्टींचा हिशोब करायला साठ वर्षांपासून एक गणित उपलब्ध आहे. बर्कलेचे लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये फझी संचांची कल्पना मांडली. नेहमीच्या संचात एखादी गोष्ट असते किंवा नसते. फझी संचात ती काही अंशी असू शकते. साडेचार मीटरची भरती ‘मोठी’ या संचात 0.8 इतकी बसेल, पावणेचारची 0.3 इतकी. कुठेही एका सेंटिमीटरने चित्र उलटत नाही. पुढे 1975 मध्ये लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी प्रयोगशाळेतल्या छोट्या वाफेच्या इंजिनावर हे चालवून दाखवले. यंत्र चालवणारा माणूस ज्या भाषेत विचार करतो, त्याच भाषेत त्यांनी नियम लिहिले: दाब बराच कमी असेल आणि हळूहळू वाढत असेल, तर आच थोडी वाढव. 1987 मध्ये जपानच्या सेंदाई शहराची भुयारी रेल्वे याच पद्धतीने चालू लागली आणि तिचे सुटणे-थांबणे इतके अलगद झाले की जगभर तिचे नाव झाले. लोकलच्या दारात उभे राहून रोज ठाणे-कल्याण करणाऱ्यांना अलगद ब्रेकचे मोल वेगळे सांगायला नको.

माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत नियंत्रण यंत्रणा बसवण्यात गेली. बॉयलरवर वीस-वीस वर्षे काढलेल्या फायरमनजवळ बसून ‘ज्योत पिवळट दिसली की तुम्ही काय करता’ असे विचारत नियम लिहून काढणे, हे मी केलेले काम आहे. त्या माणसांना समीकरण येत नसे. पण त्यांचे ‘जरा’, ‘बरेच’, ‘फारच’ हे शब्द दिवसेंदिवस एकसारखे असत. फझी तज्ज्ञ प्रणाली म्हणजे अशा माणसाचा अनुभव नियमांच्या रूपात बांधणे, एवढेच. सुटीच्या दिवशी मी कोपरी-ऐरोलीच्या बाजूला पक्षी बघायला जातो. त्यामुळे या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या, यात नवल नाही.

विमान वाहतुकीत हे नवे नाही. मायकेल हाजीमायकेल यांनी 2009 मध्ये विमान वाहतुकीतील धोका मोजणाऱ्या फझी तज्ज्ञ प्रणालीवर शोधनिबंध लिहिला. त्यात ‘फोरास’ नावाच्या प्रणालीची मांडणी आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या पुढाकारातून आणि अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेच्या कामातून ती उभी राहिली आणि तैवानच्या ईव्हीए एअरने त्यात भाग घेतला. कल्पना सरळ आहे. एका उड्डाणाचा धोका म्हणजे अनेक छोट्या धोक्यांची उतरंड. वैमानिकाचा थकवा, त्याचा त्या विमानतळाचा अनुभव, हवा, धावपट्टी, विमानात तात्पुरत्या चालवून घेतलेल्या उणिवा: प्रत्येकाचे अंश काढायचे, अनुभवी लोकांनी सांगितलेल्या नियमांनी ते जोडत वर न्यायचे आणि उड्डाण सुटण्याआधी एक आकडा हाती द्यायचा. आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की तो कशामुळे वाढला, हे उलट खाली उतरत पाहता येते.

कोझिकोडच्या विमान अपघाताची 7 ऑगस्ट 2020 ची रात्र आठवून पाहा. पठारावरची धावपट्टी. पाऊस. मागून येणारा वारा. कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर नीट न चालणारा. एकदा उतरण्याचा प्रयत्न सोडून दुसऱ्या बाजूने केलेला दुसरा प्रयत्न. 8,858 फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान टेकले ते 4,438 फुटांवर. एकवीस माणसे गेली. चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून कार्यपद्धतीचे पालन न होण्यावर बोट ठेवले आणि व्यवस्थेतल्या उणिवाही नोंदवल्या. त्या निष्कर्षावर मला काही म्हणायचे नाही. मी बघतो ते एवढेच, की यातल्या बहुतेक गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर रोज कुठे ना कुठे निभावून जातात. त्या एकत्र आल्यावर काय होते, हे सांगणे माणसाच्या मनाला जड जाते. विशेषतः रात्री, दमलेला असताना. तेच काम यंत्राने शांतपणे करावे.

आता आमच्या खाडीकडे येतो. ही प्रणाली कशी असेल, हे थोडे सविस्तर लिहितो, म्हणजे मागणी हवेतली वाटणार नाही.

तिला पाच-सहा गोष्टी पुरवाव्या लागतील: भरतीची उंची आणि ती चढते आहे की उतरते आहे, सूर्यास्तापासूनचा वेळ, हंगाम, वारा आणि ढग, आदल्या काही दिवसांत पक्षी कोणत्या पाणथळावर किती होते आणि त्या तासाला कोणत्या मार्गाने किती विमाने उतरणार. समजा, एका संध्याकाळी भरती ‘भरत आलेली’ 0.8 अंश, ‘अंधार’ 0.9 अंश आणि हंगाम ‘ऐन भरात’ 0.6 अंश आहे. नियम म्हणतो: भरती भरत आली, अंधार पडला आणि हंगाम भरात असला, तर खाडीवरच्या उतरण-मार्गावर धोका जास्त. तिन्ही अटी एकदम हव्यात, म्हणून सर्वांत कमी अंश धरायचा. हा नियम 0.6 ने लागू झाला. दुसरा नियम म्हणेल: भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असतील आणि चिखल पुरता बुडत नसेल, तर पक्षी जागचे हलत नाहीत, धोका कमी. तो त्या संध्याकाळी 0.2 ने लागू झाला. असे तीस-चाळीस नियम आपापल्या जोराने बोलतात, त्यांची उत्तरे एकावर एक ठेवून मध्य काढला जातो आणि त्या तासाचा, त्या मार्गाचा एक आकडा मिळतो. साधा संगणक हे क्षणात करतो. अवघड काय असेल, तर चांगले नियम मिळवणे.

ते नियम दिल्लीत मिळणार नाहीत. बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये काही रोहितांना उपग्रह टॅग लावले. त्यांच्याकडे पक्ष्यांच्या वाटा आहेत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या लोकांना कोणत्या पाण्याला बोट सोडली की थवे कुठे दिसतात, हे रोजच्या कामातून ठाऊक आहे. आणि ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात, कोपरीत, डोंबिवलीच्या मोठागावच्या रेतीबंदरावर अजून अशी माणसे आहेत ज्यांना उधाण आणि भांग तारीख न बघता कळतात. खाडीवर पूल झाले, भराव झाले, गाळ साचला. पाणी आता कुठे आधी चढते आणि कुठे उशिरा, हे छापील तक्त्यात नसते, त्यांच्या बोलण्यात असते. कल्याणकडच्या घारींचे नियम वेगळेच निघतील. तिथे भरतीचा संबंध नाही. ऊन तापून हवा वर चढू लागली की घारी गिरक्या घेत उंच जातात, म्हणजे तिथे दुपार महत्त्वाची. डोंबिवलीच्या सातपूलला वर्षानुवर्षे जाणारे पक्षीनिरीक्षक हे वहीत लिहीत आलेले आहेत. या सगळ्यांना एकदा समोर बसवून, मानधन देऊन, त्यांचे शब्द नोंदवून घ्या. तज्ज्ञ कोण, याची व्याख्या पदवीपाशी थांबवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

घाई का करतो आहे, तेही सांगतो. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आणि पूर्ण झाल्यावर नऊ कोटींची. म्हणजे मुंबईच्या विमानांची वाट आणि नवी मुंबईच्या विमानांची वाट यांच्या मधल्या पट्ट्यात लाखभर रोहित भरतीगणिक ये-जा करणार. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. विमानांचे वेळापत्रक सरकत नाही. त्यामुळे आज निर्धोक असलेली रात्रीची वेळ आठ दिवसांनी तशी राहत नाही. ठरावीक वेळच्या गस्तीने हे सांभाळता येणार नाही. ऑगस्ट 2022 मध्ये आपल्याच कार्यालयाने विमानतळांना पक्ष्यांच्या धोक्याचे मूल्यांकन करून धोक्यानुसार प्राण्यांची क्रमवारी लावायला सांगितले होते. त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल म्हणजे क्रमवारीला वेळेची जोड देणे.

जगात हे होते आहे. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियमची हवाई दले रडारवर पक्ष्यांची दाटी पाहून शून्य ते आठ अशा पातळीचा इशारा देतात. इस्रायलमध्ये योसी लेशेम यांनी करकोचे आणि गरुडांच्या वाटा नकाशावर उतरवल्या आणि हवाई दलाने आपली उड्डाणे त्याप्रमाणे बदलली. कोणीही विमानतळ बंद केला नाही. पातळी चढली की वैमानिकाला आधी कळवणे, उतरण थोडी लांबवणे, शक्य तिथे धावपट्टीची दुसरी बाजू वापरणे, एवढ्यानेही फरक पडतो.

या प्रणालीवर आक्षेप येतील आणि त्यातले काही खरे आहेत. अंश कोणी ठरवायचे, हा पहिला. 0.8 हा आकडा निसर्गातून येत नाही, माणूस ठेवतो. म्हणून तो उघड हवा आणि दरवर्षी प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बदलायला हवा. दुसरा आक्षेप, सारखे इशारे आले की वैमानिक त्यांकडे लक्ष देईनासे होतात. बरोबर आहे. म्हणून पहिला हंगाम प्रणाली फक्त शेजारी चालवावी, तिचे आकडे नोंदवावेत आणि धडकांच्या, थव्यांच्या खऱ्या नोंदींशी जुळवून मगच नियंत्रण कक्षात न्यावी. तिसरा आक्षेप तरुण अभियंत्यांचा असतो: आता मशीन लर्निंग आले, जुने फझी कशाला? उत्तर असे, की शिकणाऱ्या यंत्राला शिकायला धडका पुष्कळ लागतात आणि आपल्याला त्या नको आहेत. शिवाय चौकशीच्या वेळी ‘यंत्राला असे वाटले’ हे उत्तर चालणार नाही. फझी प्रणालीत त्या रात्री कोणता नियम किती जोराने लागू झाला, हे कागदावर वाचता येते. माझ्या मते धोक्याच्या कामात हा गुण अचूकतेच्या बरोबरीचा आहे.

माझी खरी भीती वेगळी आहे. ‘पक्ष्यांचा धोका जास्त’ असा आकडा हाती आला की कोणीतरी म्हणेल, पाणथळे बुजवा म्हणजे पक्षी जातील. ठाणे खाडी 2015 पासून रोहित अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर यादीत आहे. पण भरतीला पक्षी जिथे टेकतात ती नेरुळ-सीवूड्सची पाणथळे अभयारण्याबाहेर आहेत. 2024 च्या उन्हाळ्यात तिथल्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बंद झाली, तलाव सुकला आणि पक्षी भरकटले. ठरलेली जागा नाहीशी झाली की थवा अंतर्धान पावत नाही. तो हवेत जास्त वेळ राहतो आणि अनोळखी जागी उतरतो, कदाचित धावपट्टीजवळच्या सपाट ओलसर जमिनीवर. बीएनएचएसनेही हेच सांगितले आहे. म्हणून नियमांच्या यादीत ‘पाणथळ कोरडे असेल तर धोका जास्त’ हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. कोणी तलावाचा मार्ग बुजवला तर विमानांचा आकडा किती चढतो, हे त्याच यंत्राने दाखवावे. दक्षिण कोरियातल्या मुआन विमानतळावर 29 डिसेंबर 2024 रोजी विमान अपघातात 179 माणसे गेली. दोन्ही इंजिनांत बदकांची पिसे सापडली. तो विमानतळही पाणथळांच्या शेजारचाच आहे.

मागणी अशी. मुंबई आणि नवी मुंबई या दोन्ही विमानतळांसाठी मिळून एकच प्रणाली व्हावी, कारण खाडी एकच आहे. विमानतळांच्या पर्यावरण व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांना ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांचे घनकचरा अधिकारी, वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि कोळी सहकारी संस्थांचे प्रतिनिधी नेमाने बोलवावेत. प्रणालीचे सगळे नियम, अंशांसकट, मराठीत आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावेत, म्हणजे चेंदणीचा माणूस ‘हा नियम चुकला’ असे सांगू शकेल आणि ते नोंदवले जाईल. आतापर्यंतच्या धडकांच्या नोंदी तारीख, वेळ आणि जागेसह संशोधकांना खुल्या कराव्यात. त्यांना भरतीचे तक्ते जोडून पाहण्याचे काम ठाण्या-डोंबिवलीतली अभियांत्रिकीची मुले एका सत्रात करतील. त्यासाठी मार्गदर्शन करायला मी विनामोबदला तयार आहे.

रोहित नोव्हेंबरच्या सुमारास परत येऊ लागतात. त्याआधी नियम गोळा करण्याची पहिली बैठक ठाण्यात घ्यावी आणि तिची तारीख जाहीर करावी.

आपला,
ठाण्यातील एक निवृत्त नियंत्रण अभियंता व पक्षीनिरीक्षक